ओढ्याची वही पोरांच्या हाती द्या



या पानावर मी लागण, खोडवा, पाचट नाहीतर हुमणी यांवर लिहितो. यंदा विषय वेगळा घेतला आहे. आपल्या नदी-ओढ्यातले मूळचे मासे संपत चालले आहेत आणि ते राखण्याच्या कामी गावच्या शाळेतल्या मुलांना घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. "उसाच्या साहेबाला माशांचं काय पडलंय?" असे कोणी म्हणेल. ज्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे त्याच पाण्यात मासा राहतो. पाणी बिघडले की पहिला मासा मरतो. विहीर आणि पिण्याच्या पाण्याची टाकी यांचा नंबर त्यानंतर लागतो.

गटात फिरताना शाळेच्या पोरांना मी कधीमधी विचारतो, "नदीत कोणते मासे आहेत रे?" उत्तर ठरलेले. चिलापी, कटला, रोहू, फार तर मांगूर. यातला चिलापी आफ्रिकेतला. तो १९५२ साली आपल्या देशात आणला गेला आणि आज उजनीपासून गावतळ्यापर्यंत सगळीकडे माजला आहे. कटला आणि रोहू मूळचे गंगेकडचे, बीज सोडून आलेले. बाजारात थाई मांगूर म्हणून येतो तो तर आफ्रिकी मासा असून त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. म्हणजे आपल्या पोरांना पाहुण्यांची नावे पाठ आहेत आणि घरच्यांची एकही माहीत नाही.

घरचे कोण, ते सांगतो. मुंबई सरकारच्या नोकरीतल्या कर्नल साईक्स नावाच्या इंग्रजाने १८३९ साली दख्खनच्या माशांची यादी प्रसिद्ध केली. त्याने एक चांगली गोष्ट केली. कितीतरी माशांना शास्त्रीय नावे देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावेच घेतली. खुद्री, कोलस, पोटेल, सांडखोल, नुक्ता ही त्यातली काही. खुद्री म्हणजे आपला महाशीर. त्याचा नमुना साईक्सला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. आज जगातल्या कोणत्याही विद्यापीठात हे मासे आपल्या मुलखातल्या नावाने ओळखले जातात. आणि निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ साली जे मूल्यमापन केले, त्यात नुक्ता, सांडखोल आणि पोटेल हे तिन्ही नामशेष होण्याच्या धोक्यातले म्हणून नोंदले गेले. राज्याने २०२३ साली पापलेटला राज्यमासा जाहीर केले, आनंद आहे. पण तो समुद्राचा. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातल्या माशाची बाजू घेणारे कोणी आहे का?

हे मासे कमी का झाले? कारणे अनेक आहेत. धरणे झाली, नदीचे वाहणे थांबले. वाळू-गोटे उपसले गेले, त्यामुळे अंडी घालायला जागा उरली नाही. कोणी जिलेटिन लावतो, कोणी पाण्यात वीज सोडतो, कोणी ब्लिचिंग पावडर टाकतो. सुरुंग लावून वा विष घालून मासे मारणे हा १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तरी चालतेच. शहरांचे सांडपाणी आहे. हे सगळे खरे. पण यादी इथेच थांबवली तर ती अर्धी राहील.

उरलेली अर्धी यादी आपली आहे. औषध मारून झाले की पंप कुठे धुतला जातो? ओढ्यात. रिकामी बाटली कुठे जाते? ओढ्यात. जादा पाण्याबरोबर वाहिलेला युरिया शेवटी कुठे पोचतो? तिथेच. आणि साखर धंद्याविषयीही मोकळेपणाने बोलले पाहिजे. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर जो स्पेंटवॉश उरतो, त्याचा बीओडी लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या पुढे असतो. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जेवढा प्राणवायू खाते तो हिशेब. माशाला जगायला लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम प्राणवायू पुरतो, पण तेवढा तरी लागतोच. उन्हाळ्यात नदी डबक्यासारखी थांबलेली असताना असले पाणी थोडे जरी उतरले तरी काय होईल, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या काठी मेलेल्या माशांचा खच पडला तो सर्वांनी पाहिला. असा प्रकार कुठेही झाला की बोट पहिले साखर कारखान्यांकडे वळते. दर वेळी ते खरे असेल असे नाही. पण ते खोटे आहे हे दाखवायला आपल्याजवळ काय नोंद असते? काही नाही.

म्हणून मी मुलांकडे येतो. पण मुलांना घेऊन काय करायचे, यावरच माझे म्हणणे आहे. नेहमीची पद्धत आपल्याला माहीत आहे. प्रभातफेरी काढायची, फलक धरायचे, पाहुण्यांच्या हस्ते मत्स्यबीज नदीत सोडायचे, फोटो, चहा, संपले. हे मला नको आहे. त्यात मुले काही शिकत नाहीत आणि माशाचे नुकसानही होऊ शकते.

नुकसान कसे, त्याचे उदाहरण आपल्याच महाशीराचे आहे. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकात खुद्री महाशीराची कृत्रिम पैदास यशस्वी झाली. फार मोठे काम, त्याला नमस्कार. पण तिथले बीज पुढे दूर कावेरीतही सोडले गेले. कावेरीत पाठीवर कुबड असलेला तिथला स्वतःचा महाशीर होता. आपल्या माशाने तिथे बस्तान बसवले आणि तो मागे पडत गेला. २०१८ साली त्याची नोंद अतिशय गंभीर धोक्यातला मासा म्हणून झाली. चांगल्या हेतूने, चांगला मासा, चुकीच्या नदीत. बेणे निवडताना जमीन आणि हंगाम पाहा असे मी तुम्हाला सांगतो, तोच नियम इथे आहे. तेव्हा शाळेने बीज सोडण्याच्या भानगडीत पडू नये. ते काम जाणकारांचे.

मुलांचे काम नोंदीचे. प्रत्येक शाळेने आपल्या ओढ्यावरचा किंवा नदीवरचा एक डोह धरावा. एक वही घालावी. महिन्यातून एकदा शिक्षकांबरोबर जाऊन लिहावे: तारीख, पाण्याचा रंग, वास, दिसलेला मासा, जिवंत की मेलेला. मासा ओळखता आला नाही तर गुरुजींच्या मोबाईलवर फोटो काढून जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाकडे पाठवावा. नावे मात्र आधी घरी विचारावीत, आणि भोईवाड्यात जाऊन विचारावीत. भोई समाजातल्या म्हाताऱ्या मंडळींना मासा कुठे असतो, कधी चढतो, कुठे अंडी घालतो हे जितके ठाऊक आहे तितके पुस्तकात नाही. ही माणसे गेली की ती नावेही जातील. पुराच्या पाण्याजवळ एकाही मुलाला जाऊ देऊ नये. चढणीचे मासे पुलावरून, मोठ्या माणसांबरोबर पाहावेत. यासाठी नवी योजना लागत नाही. २००१ पासून शाळाशाळांतून राष्ट्रीय हरित सेना आहे, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीची समिती व नोंदवही असायची आहे. पोरांची वही त्या नोंदवहीला जोडता येईल.

हे होणारच नाही असे म्हणू नका. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनी देवीचे म्हणून महाशीर आजवर राखले गेले. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेतही तसेच. तिथे ना कुंपण, ना पहारा. इथला मासा मारायचा नाही, हे तिथल्या पोरांना चालायला लागल्यापासून कळते. आपल्याकडे देवाचा डोह नसेल तर शाळेचा डोह करू.

आता आपला, मोठ्यांचा वाटा. पोरांनी लिहायचे आणि आपण तेच चालू ठेवायचे, असे असेल तर न केलेले बरे. पोरे फार लवकर ओळखतात. माझ्या तीन सूचना आहेत. एक, औषधाचा पंप ओढ्यात धुवायचा नाही. ते पाणी बांधावरच्या पडीक जागेत जिरवायचे, विहिरीपासून लांब. दोन, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाच्या तोंडावर वेळेत काढायचे. अजून चार दिवस पाणी राहू दे म्हणून आपण अडून बसतो आणि पहिल्या पाण्याला वर चढणारा मासा खालीच धडका देत राहतो. तीन, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते: मुलांच्या वह्यांतला सारांश दरवर्षी आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जसाच्या तसा वाचला जावा. त्यात आपल्या नाल्याचे नाव आले तरी. कारखान्याच्या प्रयोगशाळेने महिन्यातून एकदा त्याच डोहांतल्या पाण्याचा प्राणवायू तपासून आकडा वहीत लिहून द्यावा.

"पोरांच्या हातून आपल्याच घरावर दगड मारून घ्यायचा का?" असे काही सभासद म्हणतील. मी म्हणतो, उद्या बाहेरचा कोणी बोट दाखवण्यापेक्षा घरच्या पोराने आज सांगितलेले बरे. पाणी चांगले असेल तर तीच वही आपला पुरावा होईल. वाईट असेल तर दुरुस्तीला वेळ मिळेल. आपण या कारखान्याचे मालक आहोत असे अभिमानाने सांगतो. मग मालकाने हिशेब ऐकायला हवा, फक्त दराचाच नव्हे.

खर्च वह्या-पेन्सिलींचा आहे, तो शिक्षण निधीतून सहज निघेल. मृग लागण्याआधी आपापल्या गटातल्या मुख्याध्यापकांना भेटा आणि डोह नक्की करा. शेतकी खात्याचा आमचा माणूस बरोबर येईल. संचालक मंडळाने व सभासदांनी याचा विचार करावा, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी