जुनी जीप किलोवर घालू नका

मळ्यातल्या निंबाखाली, नाहीतर पंचायत समितीच्या आवारात मागच्या कुंपणाला लागून, गवतात रुतलेली जुनी जीप जळगाव-धुळ्याच्या माणसाला नवी नाही. टायर बसलेले, हौद्यात कोंबड्या, बॉनेटवर वाळत घातलेल्या मिरच्या. एक दिवस भंगारवाला येतो, किलोचा भाव सांगतो. घरातली पोरंही म्हणतात, "देऊन टाका आप्पा, अडगळ तरी जाईल." आणि गाडी जाते. आमचं म्हणणं एवढंच की, देण्याआधी एकदा बॉनेट उघडा आणि पेटीतले कागद काढून पाहा.

ही गाडी साधी नव्हे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा जळगाव पूर्व खानदेशात होते आणि धुळे पश्चिम खानदेशात. त्या काळापासून गावात 'सरकार' आले ते जीपमध्ये बसून. बीडीओ, डॉक्टर, देवीची लस टोचणारे, सगळे जीपनेच आले. १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या, त्यांचाही कारभार जीपवरच चालला. महिंद्र कंपनीने अमेरिकेच्या विलिज जीपचीच आपल्याकडे बांधणी केली. १९६५ पासून इंजिनावर केबिन असलेली, मागे हौदा असलेली एफसी पिकअपही तिने काढली. लष्करासाठी जबलपूरला 'जोंगा' तयार होत असे, ती १९९९ च्या सुमारास बंद झाली. लिलावातून काही जोंगा सामान्यांच्या हाती आल्या. यातल्या चारही चाकांना जोर असलेल्या, मूळ रूपातल्या गाड्या, त्यातही एफसीसारखी पिकअप, आता शोधूनही सापडत नाहीत.

चार चाकांचा जोर म्हणजे काय, हे काळ्या मातीतल्या माणसाला सांगायला नको. आषाढात यावल-रावेरच्या केळीच्या बागेतून माल काढताना, किंवा सातपुड्याच्या पायथ्याचा नाला ओलांडताना मागची चाके नुसती गरगर फिरतात आणि गाडी अधिकच खोल जाते. अशा वेळी गिअरशेजारची दुसरी दांडी ओढली की पुढची चाकेही ओढायला लागतात. मात्र एक ध्यानात ठेवा. कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढची चाके जोडून गाडी पळवू नका. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, त्याचा ताण क्रॉसवर आणि हाऊसिंगवर येतो. अनेक चांगल्या गाड्या याच अडाणीपणाने बसल्या.

आता कागदांचे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपात राहिलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार. नोंदणी १० वर्षे चालते आणि नंबरात 'व्हीए' अक्षरे येतात. विम्याचा कागद आणि जुने आरसी बुक जोडावे लागते. पण ही गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. तिच्यातून केळी वाहायची म्हटलं तर चालणार नाही. रोज वापरायची असेल तर साध्या नोंदणीचे नूतनीकरण आणि गाडीची तपासणी हाच मार्ग. त्याची फी अलीकडे बरीच वाढली आहे, म्हणून आरटीओत आधी चौकशी करावी.

म्हणूनच १९८९ पूर्वीचा तीन अक्षरी नंबर आणि त्याचे आरसी बुक ज्याच्या पेटीत आहे, त्याने ते सातबाऱ्यासारखे जपावे. चेसिसवरचा नंबर घासू नका, रंगाने बुजवू नका. पेट्रोल महागले तेव्हा अनेकांनी मूळ इंजिन काढून डिझेलचे बसवले. पोटाचा प्रश्न होता, त्याला नाव ठेवता येणार नाही. पण तो बदल आरसीवर चढवला नसेल तर आज अडचण होते. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले आहे. तेव्हा मोठाले टायर आणि झगमगते दिवे लावून केलेली जीप म्हणजे दुरुस्ती नव्हे, सोंग आहे. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीची दहा गाड्यांचे भाग जोडून केलेली जीप घेतानाही चेसिस आणि कागद जुळतात का, ते पाहूनच पैसे मोजा.

दुरुस्तीही वाटते तेवढी अवघड नाही. पत्रा सरळ, पाटे साधे, इंजिनात संगणक नाही. खरी अडचण माणसाची आहे. कार्बुरेटर कानाने जुळवणारा, पॉइंटमधली फट नजरेने लावणारा मिस्त्री आता साठीच्या पुढे गेला. त्याच्या हाताखाली पोरगा नाही. आमच्या आयटीआयंनी अशी एक गाडी वर्गात उभी करून त्या मिस्त्रीलाच शिकवायला बोलावले, तर गाडी वाचेल आणि हातातली विद्याही वाचेल.

शेवटची गोष्ट अधिकाऱ्यांसाठी. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी संपुष्टात आली. त्यांना नोंदणीकृत भंगार केंद्रातच पाठवायचे आहे. नियम प्रदूषणासाठी आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण सरसकट सगळी जत्रा भट्टीत घालण्याआधी दोन्ही जिल्हा परिषदांनी आवारातल्या गाड्यांची यादी करावी. त्यात एखादी खरी जुनी, चार चाकांच्या जोराची जीप वा पिकअप निघाली, तर तिला रस्त्यावर न आणता नमुना म्हणून ठेवता येईल का, हे शासनाला लेखी विचारावे. अर्ज करायला पैसे पडत नाहीत. एकदा गाडी तोडली की मग अर्जाचाही उपयोग नाही.

बैल म्हातारा झाला म्हणून पोळ्याच्या दिवशी त्याला कोणी उपाशी ठेवत नाही. ज्या गाडीने चिखलातून लस आणली, बाळंतीण दवाखान्यात नेली, तिच्यासाठी निदान एक पत्र्याचे छप्पर आणि एक ताडपत्री एवढे तरी आपण करू शकतो. भंगारवाला उद्याही येईल. त्याला घाई असते, आपल्याला नसावी.