मेंदूचे अन्न आणि बाजाराची भाषा

वाशीच्या घाऊक बाजारात मसाल्यांच्या शेजारीच सुक्या मेव्याचे गाळे आहेत. अक्रोडाचा गर मेंदूसारखा दिसतो, म्हणून तो मेंदूस हितकर, ही समजूत जुनी आहे आणि परीक्षेचे दिवस जवळ आले की पालकांच्या पिशवीत बदामाबरोबर अक्रोडही पडतो. अलीकडे या समजुतीला शास्त्राची झूल चढली आहे. ओमेगा-३, सेरोटोनिन, डोपामाइन हे प्रयोगशाळेतील शब्द आता खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर आणि जाहिरातींत सर्रास आढळतात.

शब्द खोटे नाहीत, अर्धे आहेत. सेरोटोनिन हे चेतापेशींमधील निरोप्याचे काम करणारे द्रव्य असून ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून ते शरीरात तयार होते. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते, हेही खरे. त्यावरून ‘पोट प्रसन्न तर मन प्रसन्न’ असा निष्कर्ष झटपट काढला जातो. परंतु रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींचा एक अडसर असतो व आतड्यातील सेरोटोनिन तो ओलांडू शकत नाही. हे दुसरे वाक्य वेष्टनावर छापण्यात कोणाचेच हित नसते. ज्या द्रव्याला विक्रेता आहे त्याचे नाव घरोघरी पोचते आणि ज्याला नाही ते शास्त्रज्ञांच्या निबंधांत पडून राहते, हा बाजाराचा साधा नियम आहे.

वस्तुतः मेंदूच्या पोषणाचा विचार करताना सामान्य माणसाला प्रथम ठाऊक हवेत ते तीन नीरस शब्द: आयोडीन, लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व. प्रौढ माणसाला दिवसाकाठी लागणारे आयोडीन अवघे १५० मायक्रोग्रॅम, पण गर्भवतीस त्याची तीव्र उणीव भासली तर मुलाच्या बुद्धीची हानी होते आणि ती पुढे भरून येत नाही. मिठातून आयोडीन देण्याचा उपाय स्वस्त होता, तरीही त्याची वाट सरळ नव्हती. आयोडीनविरहित खाद्यमिठाच्या विक्रीवर १९९८ मध्ये देशभर घातलेली बंदी २००० मध्ये निवडीच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली उठविण्यात आली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. गर्भातील मुलाला निवडीचे स्वातंत्र्य कोणते, हा प्रश्न त्या वादात फारसा कोणी विचारला नाही.

लोहाची गोष्ट अधिक खेदजनक आहे. मेंदूत डोपामाइन तयार होण्यासाठी लोह आवश्यक असते; म्हणजे वेष्टनावरील आकर्षक शब्दाचा पाया या अनाकर्षक शब्दात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालकांना रक्तक्षय होता. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असली तरी लोहाचा अभाव हे त्यांतील एक मोठे कारण होय.

ब-१२ संबंधीचे महत्त्वाचे संशोधन तर महाराष्ट्रातलेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. सुमारे दोनतृतीयांश गर्भवतींमध्ये ब-१२ कमी आढळले. त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर काही चाचण्या घेण्यात आल्या, तेव्हा ज्यांच्या मातांमध्ये हे जीवनसत्त्व फार कमी होते ती मुले अवधान आणि अल्पकालीन स्मृती यांत मागे असल्याचे दिसले. दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळणारे हे जीवनसत्त्व धान्य, भाजी व फळे यांत जवळजवळ नसतेच.

येथे एक सावधगिरी हवी. आहाराने मनोविकार बरे होतात असा अर्थ यातून काढू नये. ब-१२ च्या तीव्र अभावाने विस्मरण, औदासीन्य, क्वचित भ्रम अशी लक्षणे उद्भवतात हे खरे. म्हणूनच वैद्य रक्ततपासणी सांगतात. पण प्रत्येक उदास माणसाला ‘नीट खात जा’ असे सांगून त्याची बोळवण करणे हे अज्ञानही आहे आणि क्रौर्यही.

या शब्दांचे ज्ञान धोरणासाठी किती निकडीचे आहे, याचे उदाहरण शालेय पोषण आहारात सापडते. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा राज्याचा निधी थांबविण्यात आला व शाळांनी लोकसहभागातून खर्च भागवावा असे सुचविण्यात आले. अंड्याविषयीचा वाद शाकाहार की मांसाहार याभोवतीच घोटाळत राहिला. परंतु केळ्यात ब-१२ मुळीच नसते, ही साधी गोष्ट लक्षात घेतली असती तर पर्याय म्हणून केळ्याऐवजी दुधाचा पेला पुढे आला असता आणि शाकाहारी घरातील मुलालाही न्याय मिळाला असता. वाशीच्या बाजारातून आपल्या मुलासाठी अक्रोड नेणाऱ्या पालकाचे यात काही बिघडलेले नाही. लोकवर्गणी जमविणे ज्या वस्तीतील शाळेला शक्य नाही, तेथील मुलाच्या ताटात मात्र भातावर केवळ आमटीच उरते.