सांडव्याचे शहाणपण

पाऊस माणसाचा हिशेब पाळत नाही, हे धरण बांधणाऱ्यांना ठाऊक असते. म्हणूनच मुळशी धरणाला सांडवा आहे. याच तालुक्यातल्या हिंजवडीत आज हजारो तरुण संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात. त्यांच्या कामातही असा सांडवा हवा, आणि सर्वांत आधी तो कर्नलमध्ये हवा, असे माझे ठाम मत आहे.

कर्नल हा संगणकप्रणालीचा गाभा. वरचा एखादा प्रोग्रॅम कोसळला तर तेवढाच बंद पडतो. गाभ्यात गफलत झाली की सारे यंत्रच ठप्प होते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे हेच घडले. फाइलशी ताडून पाहायला वीसच नोंदी पुरवल्या होत्या. कर्नलमध्ये चालणारा प्रोग्रॅम एकविसावी वाचायला गेला आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. आपल्याकडे काही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. नोंदी आधी मोजल्या असत्या, तर हे टळले असते.

चूक दडपून पुढे रेटणे त्याहून घातक. त्याने साठवलेली माहितीच नासू शकते. मला लिनक्सची शिस्त पटते. मेमरी मिळाली नाही, तर कारण सांगणारा क्रमांक परत करायचा आणि तोवर जे जे घेतले ते उलट्या क्रमाने सोडायचे. यंत्र थांबवणे हा अगदी शेवटचा उपाय.

कोरडा सांडवा बघायला कोणी जात नाही, तसे या कामाचे कौतुकही कोणी करत नाही. ‘चालते का?’ एवढेच विचारले जाते. ‘बिघडले तर काय होईल?’ हा प्रश्न वरिष्ठांनी आधी विचारावा.