उसाची नोंद

‘माहिती-व्यवस्थापन’ हा शब्द अलीकडे व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांतून मोठ्या भारदस्तपणे वावरू लागला आहे. यंत्र आले, पडदा उजळला, की धंद्याला आपोआप शहाणपण येते, अशी पुष्कळांची समजूत होऊन बसली आहे. आम्हां सीमाभागातील लोकांना हा विषय समजून घेण्यासाठी फार दूर जावयास नको. तो आमच्या उसाच्या फडातच उभा आहे.

बडोदे-इंदूरकडील वाचकांना साखर कारखान्याचे अंतरंग ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. ऊस तोडल्यापासून त्यातील साखर घटू लागते, वजनही उतरते. वेळेआधी तोडावा तर तो कोवळा; फार उशीर करावा तर तुरा येऊन पोकळ पडतो. जुलै-ऑगस्टातील आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरातील पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीतील सुरू आणि मग खोडवा, या प्रत्येकाचे पक्व होण्याचे दिवस निराळे. इकडे कारखान्याला रोज ठरावीक टन ऊस अखंड हवा. कमी आला तर गाळप अडते. जास्त आला तर गाड्या काट्यापुढे तिष्ठतात आणि ऊस वाळत राहतो. तेव्हा कोणत्या गावचा कोणता फड कोणत्या दिवशी तोडावयाचा, हाच कारखान्याच्या धोरणाचा गाभा होय. त्याचे उत्तर लागणीच्या नोंदीत असते. शेतकी विभागाची माणसे क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख लिहून आणतात व त्यावरून पाळीपत्रक तयार होते. ती तारीख खोटी, तर पुढचे सारेच खोटे.

हे नुकसान एकट्याचे नसते. 2009-10 च्या हंगामापासून लागू झालेला उसाचा रास्त व किफायतशीर दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्याशी बांधलेला आहे. 2022-23 पासून त्याचा मूळ उतारा 10.25 टक्के धरला जातो. वशिल्याने कोवळा ऊस आत गेला, तर त्याचा भुर्दंड रांगेत उभ्या असलेल्या सर्वांनाच बसतो.

कोल्हापूर ओलांडले की वारणानगर. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या तेथील सहकारी समूहात 1998 साली ‘वायर्ड व्हिलेज’ नावाची योजना सुरू झाली. सुमारे 70 गावांत संगणक केंद्रे. खर्चाचा 50 टक्के वाटा केंद्राचा, 40 राज्याचा, 10 समूहाचा. बाजारभाव, पीकसल्ला, शासकीय योजना, सारे ज्ञानभांडार गावात येणार होते. पुढे बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी पाहिले, तेव्हा केंद्रांचा खरा उपयोग मोजक्याच कामांपुरता होत असल्याचे आढळले : उसाची नोंद, तोडणीची परवानगी, वजन, खत. मग त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाईल ठेवला. शेतकऱ्याने संदेश पाठवावा, आपल्या उसाचे टन त्याला उत्तरादाखल यावेत. काम अडले तर नाहीच, उलट स्वस्तात झाले. आमच्या मते हा प्रयोग मूळ योजनेहून अधिक शिकवून जातो. शेतकऱ्याचा प्रश्न एकच होता : माझा ऊस कधी जाणार आणि किती भरला?

(शाळेतही निराळे नाही. वर्षभर आम्ही रकाने भरून वर पाठवतो. त्यांतला एकही आकडा वर्गशिक्षकाच्या उपयोगासाठी खाली परत आलेला आम्ही पाहिलेला नाही.)

आमच्या चिकोडी-निपाणी पट्ट्यात आणखी एक गुंता आहे. इथला ऊस कर्नाटकातील कारखान्यांना जातो, तसा महाराष्ट्रातीलही. त्यामुळे कोणी शेतकरी एकच फड दोन ठिकाणी नोंदवून ठेवतो. कारखानदार याला लबाडी म्हणतात. आम्ही तसे म्हणण्यास धजत नाही. ज्याला आपली पाळी कधी येईल हे कळत नाही, मजुरांना ‘खुशाली’ दिल्याशिवाय कोयता उसाला लागत नाही, तो दुसरे दार उघडे ठेवणारच. परंतु दोन्ही कारखान्यांचे अंदाज त्याने चुकतात व हंगामाच्या अखेरीस शिवारात ऊस उभा राहतो, हेही तितकेच खरे.

निपाणीला हा अनुभव नवा नव्हे. तंबाखूचा दर्जा आणि दर वखारीत ठरत असे; कोठे काय भाव चालला आहे, ही माहिती व्यापाऱ्याच्या वहीत. 1981 साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर महामार्गावर बसले, एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि त्यात शेतकरी प्राणास मुकले. मागणी भावाची होती. पण जी वही कधी पाहावयासच मिळाली नाही, तिच्याविषयीचा संशयही त्या रस्त्यावर बसलेला होता, असे आम्हांस वाटते.

आता हंगामात काट्यावरचे वजन मोबाईलवर येऊ लागले आहे. आमच्या शाळेतील मुले ते संदेश आजोबांना वाचून दाखवतात आणि आजोबा ते आपल्या वहीत उतरवून घेतात. संपूर्ण गावाचे पाळीपत्रक, लागणीच्या तारखांसह, चावडीच्या फळ्यावर लावावे, अशी त्यांची मागणी आहे. कारखान्याला त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागणार नाही.