धुळ्याच्या चायनीजला चीनची फूटपट्टी कशाला?

धुळ्यात संध्याकाळी चायनीजच्या गाड्या लागल्या की एक शेरा हमखास ऐकू येतो: ‘हे काही खरं चायनीज नव्हे.’ शेरा बरोबरच आहे. ज्या मंच्युरियनवर या गाड्या चालतात त्याचा मांचुरियाशी संबंध फक्त नावापुरता. त्याचं श्रेय दिलं जातं ते नेल्सन वँग या कोलकात्यात वाढलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्याला. 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्याने आलं, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं आणि हा पदार्थ झाला. पण एवढं कळून समोरच्या प्लेटबद्दल काय कळलं? काहीच नाही. बीजिंगचं जेवण कधी न चाखलेल्या माणसाने (म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांनी) अस्सलपणाचा निकाल द्यायचा तरी कशाच्या जोरावर?

मुळाचाच हट्ट धरला तर आपली शेवभाजीही अडचणीत येते. लाल मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी इकडे आणलेली. आज नंदुरबारचा बाजार तिच्यावर उभा आहे. सुक्या खोबऱ्याचा नारळ खानदेशात पिकत नाही. तरी शेवभाजीला कोणी परकी म्हणत नाही, आणि तिची पारख करताना धुळेकर मूळ शोधत बसत नाही. कांदा-खोबरं काळपट भाजलंय की करपवलंय, तर्री मसाल्याची आहे की नुसत्या तेलाची, शेव वाढताना घातली की आधीच पडून तिचा लगदा झालाय, हे तो पहिल्या घासाला सांगतो. हीच जीभ गाडीपाशीही चालते. आच दणदणीत आहे का, भात मोकळा आहे का, कोबीला अजून कुरकुरीतपणा आहे का, गोळे आत्ता तळलेत की सकाळचे, तेल कितव्यांदा तापतंय. आणि तो लालभडक रंग कुठून आला? मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. आक्षेप रंगाला होता. पदार्थ चिनी आहे की नाही, याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हतं.

यावर कोणी विचारेल, मग पुण्या-मुंबईच्या हॉटेलात ‘खानदेशी भरीत’ म्हणून टोमॅटो घातलेला लालसर गोळा पुढे आला तर गप्प बसायचं? मुळीच नाही. तिथे पाटीनेच शब्द दिलेला असतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते वांग्याला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून, लाकडी बडगीत हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचायची रीत कुठल्या मानांकनात बसत नाही. ती खाणाऱ्यांच्याच लक्षात राहायला हवी. म्हणून इथे जळगावकराच्या तक्रारीला वजन आहे: त्याला मूळ माहीत आहे आणि हॉटेलवाल्याने त्या मुळाच्याच नावावर पैसे घेतले आहेत. ‘अस्सल इटालियन’ लिहून चढे दर लावणाऱ्यालाही हाच न्याय. नेपल्सच्या पिझ्झावाल्यांनी 1984 मध्ये संघटना काढून पिठापासून भट्टीपर्यंतचे नियम लिहून ठेवले. नेपल्सचं नाव घेणाऱ्याला ते खुशाल लावावेत. साधा ‘पिझ्झा’ लिहून वर पनीर पसरणाऱ्याला ते लावणं हा उगाच तोरा. जपान सरकारने 2006 मध्ये परदेशातल्या जपानी हॉटेलांना अस्सलपणाचा दाखला द्यायचा बेत आखला, तेव्हा ‘सुशी पोलीस’ म्हणून त्याची जगभर थट्टा झाली ती यामुळेच.

‘चायनीज’ ही पाटीसुद्धा दावाच नाही का, हा आक्षेप राहतो. कागदावर तो बिनतोड आहे. पण पाटीचा अर्थ लिहिणारा आणि वाचणारा मिळून ठरवतात, आणि धुळ्यात त्या शब्दावरून कोणी बीजिंग समजत नाही. गिऱ्हाइकाला हक्का नूडल्स, शेजवान चटणी आणि वर कच्चा कांदा भुरभुरलेली चायनीज भेळ हवी असते. ती भेळ एखाद्या चिनी माणसाने ओळखावी, अशी अपेक्षा खुद्द गाडीवाल्याचीही नसते.