‘तात्पुरती’ सत्ता कधी जात नसते

‘एकदा मिलिटरी राज आलं पाहिजे, मग सगळे सरळ होतील.’ हे वाक्य मी बोरी अरबला टपरीवर ऐकलं आहे आणि पुण्यात आयटी कंपनीच्या कँटीनमध्येही. बोलणाऱ्यांत आपली शिकलेली मुलंही असतात. निवडणुकांनी आपल्याला काय दिलं, हा त्यांचा सवाल. सवाल खोटा नाही. २०२४ मध्ये विधानसभेच्या २८८ जागांपैकी मुस्लिम आमदार निवडून आले फक्त १०, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातून लोकसभेवर एकही नाही. पण या दुखण्यावर वर्दीवाला हा इलाज असेल, तर तो इलाज झालेल्या देशांची हालत आधी बघा.

५ जुलै १९७७ रोजी पाकिस्तानात जनरल झिया-उल-हक यांनी सत्ता बळकावली आणि ९० दिवसांत निवडणुका घेण्याचा शब्द दिला. ते ११ वर्षं, मरेपर्यंत, खुर्चीवर राहिले. ज्यांना हटवलं ते भुट्टो फासावर गेले. इजिप्तमध्ये जुलै २०१३ मध्ये लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मुर्सी यांना हटवलं; पुढच्याच महिन्यात कैरोच्या राबिआ चौकात शेकडो निदर्शक मारले गेले. सुदानमध्ये २०२१ साली दोन सेनापतींनी मिळून नागरी सरकार उलथवलं आणि एप्रिल २०२३ मध्ये तेच दोघे एकमेकांवर तुटून पडले. तिन्ही ठिकाणी मारणारा मुसलमान, मरणाराही मुसलमान. ‘आपला माणूस’ बंदूक घेऊन आला तर इन्साफ करील, हा भ्रम आता तरी सोडा.

आणि मुसलमानांना लोकशाही पचत नाही, असं म्हणणाऱ्यांना इंडोनेशिया दाखवा. सुहार्तो १९९८ मध्ये गेले. तेव्हापासून कोट्यवधी मुसलमानांचा तो देश मतदानाने सरकार बदलतो आहे. कुरआनच्या एका सूरहचं नावच ‘अश्-शूरा’ आहे, म्हणजे सल्लामसलत.

आपल्याकडे रणगाडे कधी आले नाहीत, याचा अभिमान हवाच. पण लोकांची खुर्ची रिकामी करायला दर वेळी रणगाडा लागतो असं नाही. आणीबाणीत, १९७६ मध्ये, लोकसभेची मुदत संपत आली तेव्हा निवडणूक न घेता ती वाढवण्यात आली. आणि अलीकडचंच बघा. मार्च २०२२ मध्ये यवतमाळसह राज्यातल्या २५ जिल्हा परिषदांची मुदत संपली. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी आणि पंचायत समितीत गटविकास अधिकारी प्रशासक झाले. घटनेचं कलम २४३-ई सांगतं की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावलं, तोवर तीन वर्षं उलटून गेली होती. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांचं मतदान झालं, तेव्हाही या जिल्हा परिषदा प्रशासकांकडेच होत्या.

ओबीसी आरक्षणाचा वाद खरा होता. त्या ओबीसींत आपले मोमीन, बागवान, पिंजारीही आहेत. प्रशासक म्हणजे लष्करशहा नव्हे, हेही मान्य. त्याला कोर्टात खेचता येतं, मला हा लेख लिहिता येतो. पण ‘तात्पुरतं’ हा शब्द झियांचाच आहे. आमच्या धंद्यात तात्पुरता म्हणून टाकलेला कोड वर्षानुवर्षं तसाच चालतो, कारण कोणी तक्रार करत नाही. इथेही तेच झालं. किती मोहल्ल्यांतून यावर एक तरी निवेदन गेलं?

सगळ्यात मोठं नुकसान आपलंच होतं. मुंबई-दिल्लीत आपली माणसं मोजकी, पण वॉर्डात, गणात, गटात आपण निवडून येतो. महाराष्ट्रात या संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. आपल्या बहिणी राजकारणात याच दारातून आल्या. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेला शिक्षक नसेल, आरोग्य केंद्रात डॉक्टर नसेल, पांदण रस्ता चिखलात असेल, तर सभागृहात उठून विचारणारा सदस्य लागतो. अधिकाऱ्याची बदली होते, त्याला पुन्हा मत मागायला यायचं नसतं.

म्हणून मिलिटरी राजच्या रील फॉरवर्ड करण्यापेक्षा तीन कामं करा. मतदार यादीत नाव बघा. नसेल तर नमुना ६ भरा, गाव किंवा घर बदललं असेल तर नमुना ८. स्थानिक निवडणुकीला विधानसभेचीच यादी लागते. दुसरं, माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका: प्रशासकाच्या काळात कोणत्या गावाला किती निधी गेला? उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. तिसरं, ग्रामसभेला जा. वर्षाला किमान चार ग्रामसभा कायद्याने घ्याव्याच लागतात. पुढची कधी आहे, हे आजच ग्रामपंचायतीत विचारा, आणि जाताना अम्मीला आणि बहिणीलाही सोबत न्या.