कुंडीतली गरिबी

तर मंडळी, सुरुवात कबुलीजबाबाने करतो. गेल्या दोन वर्षांत माझ्या हातून घटपर्णीची दोन रोपं मेली. घटपर्णी म्हणजे आपला पिचर प्लँट. पानाच्या टोकाला झाकणवाला छोटा तांब्या लटकतो, त्याच्या निसरड्या काठावरून मुंग्या-माश्या आत पडतात आणि झाड त्यांना सावकाश पचवतं. (ऑफिसात अशी एक-दोन माणसं तुम्हीही पाहिली असतील. असो.)

पहिलं रोप अतिलाडाने गेलं. नर्सरीतून साडेपाचशे रुपयांना आणलं, तेव्हा ते नुसत्या वाळक्या शेवाळासारख्या कशात तरी लावलेलं होतं. आई म्हणाली, "अरे, एवढं महागाचं रोप आणि कुंडीत धड माती पण नाही!" मलाही पटलं. मग रविवारी आम्ही दोघांनी मिळून लाल माती, शेणखत, गांडूळखत आणि वर चहाचा चोथा असा पंचपक्वान्नांचा बेत केला. तीन आठवड्यांत असलेले घट वाळले, नवीन पानांना तांब्या धरेना आणि दीड महिन्यात कारभार आटोपला.

दुसऱ्या वेळी मी इंजिनिअर असल्यासारखा वागलो, म्हणजे आधी गुगल केलं. 'पिचर प्लँटसाठी मिश्रण' शोधल्यावर उत्तर मिळालं: पीट आणि वाळू निम्मी-निम्मी, कुंडी कायम पाण्याच्या ताटलीत. तसंच केलं. हे रोप बुडाशी सडून गेलं.

आता रूट कॉज अ‍ॅनालिसिस हा शब्द आपण ऑफिसात रोज वापरतो, पण खऱ्याखुऱ्या मुळांचं करायची वेळ पहिल्यांदाच आली. तेव्हा कळलं ते असं.

पिचर प्लँट हे एक नाव आहे, झाडं निरनिराळी. ती पीट-वाळूची रेसिपी होती उत्तर अमेरिकेतल्या सारासेनियाची. ती दलदलीत वाढते, मुळं ओलीच्या ओली राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. उलट तिला हिवाळ्यात थंडीची झोप लागते, जी पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत मिळणं कठीण. आपल्याकडे नर्सरीत लटकत्या कुंडीत मिळते ती बहुतेक वेळा नेपेंथिस, तीही संकरित. तिची मुळं बारीक आणि नाजूक. त्यांना ओल हवी, पण ओलीइतकीच हवाही हवी. ताटलीत बसवली की मुळं गुदमरतात.

आणि खताचं काय? तर ही झाडं जिथे वाढतात तिथल्या जमिनीत नायट्रोजन आणि फॉस्फरस जेमतेम असतो. मेघालयात गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांवर आपली नेपेंथिस खासियाना आहे, भारतात रानात आढळणारी नेपेंथिसची एकमेव जात. तिथे पाऊस इतका कोसळतो की जमिनीतलं सत्त्व धुऊनच जातं. म्हणून तर झाडाने पानाचा तांब्या करून किडे धरायचा उद्योग सुरू केला. जे मुळांना मिळत नाही, ते पानांनी मिळवायचं. अशा झाडाला शेणखत घातलं की मुळांना क्षार सोसत नाहीत. सारासेनियावर तर प्रयोगच झालेत: नायट्रोजन वाढवला की ती घट कमी करते आणि साधी चपटी पानं जास्त काढते. बरोबरच आहे, जेवण घरपोच मिळायला लागल्यावर स्वयंपाक कोण करतो!

आता माझं मत, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. कुंडीत काय भरायचं हा प्रश्न आपण नेहमी 'अजून काय घालू' असा विचारतो. घटपर्णीच्या बाबतीत विचारायचा प्रश्न एकच: 'काय घालायचं नाही?' माती नाही, कंपोस्ट नाही, खत नाही, आणि पिशवीवर 'सर्व झाडांसाठी' लिहिलेलं तयार मिश्रण तर अजिबात नाही, कारण त्यात बहुधा खत आधीच मिसळलेलं असतं.

माझं सध्याचं प्रमाण सांगतो. लांब धाग्याचा स्फॅग्नम मॉस दोन भाग, परलाइट एक भाग, आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा ऑर्किडसाठी मिळणारी झाडाची साल एक भाग. मॉस आधी भिजवून पिळून घ्यायचा आणि कुंडीत सैल भरायचा, ठासायचा नाही. परलाइट ओला करूनच हाताळा, धूळ नाकात जाते. कोणी म्हणेल मॉस महाग पडतो. खरंय, बाहेरून येतो तो. कोकोपीट वापरायचं तर वापरा, पण नारळात मीठ असतं, तेव्हा चांगल्या पाण्याने तीन-चारदा धुऊन घ्या आणि परलाइट सढळ हाताने घाला.

चांगलं पाणी म्हणजे कमी क्षारांचं पाणी. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी. टीडीएस मीटर बुडवला तर ४१० दाखवलं. या झाडांना पन्नासच्या आतलं उत्तम. म्हणजे पावसाचं किंवा आरओचं. आई आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून झाडांना घालते. सवय चांगली, पण इथे ते चालत नाही: फिल्टरने काढून टाकलेले क्षार त्याच पाण्यात असतात.

अनुभवी लोक कधीकधी घटात अगदी पातळ खत सोडतात, हे मान्य. पण ते तोंडाने भरवणं झालं, मुळांतून नव्हे. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

एक तक्रार मात्र आहे. साडेपाचशेचं रोप विकताना नर्सरीवाल्याने चिठ्ठीवर दोन ओळी लिहायला काय हरकत आहे? 'नेपेंथिस. माती-खत नको, पावसाचं पाणी.' बस्स. आमचं पहिलं रोप तेवढ्यावर वाचलं असतं.

ऑगस्टच्या शेवटी कासला गेलो होतो. जांभ्या खडकावर बोटभर माती, तीही पावसाने धुतलेली. सगळे फुलांचे फोटो काढत होते. मी उकिडवा बसून दवबिंदू आणि सीतेची आसवं शोधत होतो. दोन्ही किडे खाणाऱ्या. त्या उपाशी जमिनीत मजेत उभ्या होत्या. आमच्या लाल मातीच्या मेजवानीची तेव्हा भारी लाज वाटली.

तिसऱ्या रोपाला आता आठ महिने झाले. परवा सकाळी नवीन घटाचं झाकण उघडलं. आईला बोलावून दाखवलं. तिने कौतुकाने पाहिलं, कुंडीत बोट खुपसलं आणि विचारलं, "याला थोडंसं तरी गांडूळखत घालू का रे?"

आता चिठ्ठी मीच लिहून कुंडीला लावलीय.